सहा पाचची गाडी, सातचा भोंगा

मुंबईची वंदे भारत सोलापूर स्टेशनातून पहाटे सहा वाजून पाच मिनिटांनी सुटते. त्याच वेळी बाळे, केगाव, कोंडी या रस्त्याने दुचाक्यांची रांग पुण्याच्या दिशेने निघालेली असते. मागे बसलेल्याच्या मांडीवर डबा, गाडी चालवणाऱ्याच्या कानाला मफलर. सातची पाळी गाठायची म्हणजे पावणेसातला चिंचोळी एमआयडीसीच्या गेटावर असायला हवं. आश्विनातल्या एका सकाळी मी महामार्गावरच्या चहाच्या टपरीवर उभा होतो. पाकणीच्या बाजूने गाडीचा भोंगा ऐकू आला. टपरीवाल्याने घड्याळाकडे न बघताच सांगितलं, ‘वंदे भारत गेली.’ समोरच्या चौघांपैकी एकानेही मान वळवली नाही. त्यांच्यातला एकही जण त्या गाडीत बसलेला नव्हता. कारण मला नंतर कळलं, आणि ते तिकिटाच्या दराएवढं सोपं नव्हतं.

चिंचोळी एमआयडीसी सोलापूरपासून पंधरा-वीस किलोमीटरवर, मोहोळच्या वाटेवर आहे. पुण्याहून मछलीपट्टणमला जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ तिच्या दारातून जातो. रसायनं, औषधं, यंत्रांचे सुटे भाग, कापड असं सगळं इथे होतं. बालाजी अमाइन्सचं इथे युनिट आहे, प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचाही कारखाना आहे. इंजिनाची झडप कधी उघडायची आणि कधी मिटायची, हे कॅमशाफ्ट ठरवतो. थोडक्यात, वेळ पाळण्याचं काम. इथे ओतलेले कॅमशाफ्ट परदेशातल्या मोटारींपर्यंत जातात. ते घडवणारा माणूस मात्र पाळी सुटली की महामार्गावर हात करून उभा राहतो, कारण त्याच्या वेळेशी जुळवून घेणारं वाहन त्याच्याकडे नाही.

रेल्वे लांब आहे म्हणावं, तर तीही जवळच आहे. सोलापूर सोडलं की बाळे, पाकणी, मुंढेवाडी, मोहोळ ही स्टेशनं लागतात. त्यातल्या पाकणीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. पेट्रोल-डिझेलच्या वाघिणी तिथे येतात, उभ्या राहतात, रिकाम्या होतात आणि परत जातात. मेल, एक्सप्रेस आणि वंदे भारत मात्र तिथून नुसत्या धडधडत जातात. तेलाला थांबा आहे आणि माणसाला नाही. मालगाडी आणि सवारी गाडी यांचे हिशेब वेगळे असतात हे मलाही कळतं. पण महामार्गावर धावणाऱ्या ज्या गाड्यांमुळे हा माणूस रेल्वेपासून तुटला, त्यांचं तेल रेल्वेनेच येतं, हे पाहून गंमत वाटते.

शनिवारी दुपारी तीनला पाळी सुटली आणि पुण्याला भावाकडे जायचं आहे, असं धरू. पुणे पश्चिमेला. रेल्वेने जायचं तर आधी उलटं, पूर्वेला, सोलापूर स्टेशनावर जायला हवं. पंधरा-वीस किलोमीटर मागे जायचं, गाडीची वाट बघायची, आणि गाडी मिळाली की पुन्हा त्याच चिंचोळीच्या अंगाने पुढे जायचं. यात दोन तास कुठेच जात नाहीत. शिवाय गाडी त्या वेळेला हवी. हुतात्मा एक्सप्रेस सोलापूरहून सकाळी साडेसहाला सुटते आणि संध्याकाळी पुण्याहून परतते. ज्याला दिवसाभरात पुण्याचं काम उरकून घरी यायचं आहे त्याच्यासाठी ती सोन्यासारखी आहे. सात-तीनच्या पाळीवाल्याला तिचा काय उपयोग? सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री उशिरा निघते. मुंबईला जाणाऱ्यासाठी ती उत्तम आहे, पण पुण्याच्या माणसाला ती ऐन झोपेत फलाटावर उतरवते.

म्हणून तो महामार्गावर येतो आणि जे थांबेल त्यात बसतो. एसटी थांबली तर एसटी, नाहीतर हैदराबादकडून येणारी ट्रॅव्हल्स, नाहीतर रिकामी परतणारी मोटार. तिच्यात माणशी पैसे ठरवून चौघांना कोंबतात. वडापच्या जीपने मोहोळपर्यंत जाऊन पुढची गाडी धरणारेही आहेत. मग सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस असे टोलनाके मोजत चार-साडेचार तासांत हडपसर येतं. वंदे भारत सोलापूर ते पुणे हे अंतर साडेतीन तासांच्या आत कापते. तरीही चिंचोळीच्या गेटापासून मोजलं तर मोटार आधी पोचते. प्रवासाची तुलना सगळे स्टेशनापासून स्टेशनापर्यंत करतात. माणूस मात्र उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत जात असतो.

ही रेल्वे इथे आली तेव्हा असली तुलना करायची कोणाला गरजच नव्हती. मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली धावली. पुण्याहून निघालेले ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी रेल्वेचे रूळ १८५९ मध्ये बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला पोचले. १८६० च्या जानेवारीत ते मोहोळला आले आणि जूनमध्ये सोलापूरला. गंमत म्हणजे तेव्हा बोरघाट अजून व्हायचा होता. तो १८६३ मध्ये पुरा झाला. तोवर मुंबईचा माणूस घाटाखाली उतरून, घाट चढून, वरच्या गाडीत बसायचा आणि सोलापूरला यायचा. रायचूरकडचा मार्ग १८७१ मध्ये खुला झाला. म्हणजे मधली अकरा वर्षं सोलापूर हे शेवटचं स्टेशन होतं. दूरदूरच्या बैलगाड्या कापूस घेऊन इथे येत. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले तेव्हा याच फलाटावरून तो मुंबईला गेला. पुढे १८७७ मध्ये जुनी गिरणी उभी राहिली आणि कापूस इथेच थांबू लागला. सोलापूरचा सारा उद्योग रुळाला चिकटून वाढला. चिंचोळीची वसाहत मात्र रुळाऐवजी डांबराकडे तोंड करून बसली.

आता पॅसेंजरबद्दल. माझ्या पिढीच्या सोलापूरकराला या मार्गाचा भूगोल शाळेने शिकवला नाही, पॅसेंजरने शिकवला. मोहोळ, मलिकपेठ, अनगर, वाकाव, माढा, वडशिंगे, कुर्डुवाडी, ढवळस, केम, भाळवणी, जेऊर, पोफळज, वाशिंबे, पारेवाडी, जिंती रोड, भिगवण. गाडी प्रत्येक ठिकाणी थांबायची, आणि थांबल्यावर किती वेळ थांबेल ते गार्डलाही ठाऊक नसायचं. एकेरी मार्ग होता. समोरून मेल येणार असली की पॅसेंजरला बाजूच्या लूप लाईनीवर घालायचे. ‘क्रॉसिंग आहे’ हा शब्द गाडीभर फिरायचा. लोक खाली उतरायचे, बिडी पेटायची, बायका खिडकीतून पेरूवालीशी घासाघीस करायच्या. केमला कुंकवाच्या पुड्या डब्यात चढायच्या. केमचं कुंकू आजही गावोगावच्या यात्रांत विकलं जातं. मेल धूळ उडवत गेली की सिग्नल पडायचा आणि आमची गाडी नाइलाजाने हलायची.

या आठवणीत रमून पॅसेंजर म्हणजे फार थोर वाहन होतं, असं मी म्हणणार नाही. संडासात पाणी नसायचं, दारात दुधाच्या कॅनची रास असायची. वडिलांबरोबर एकदा दौंडला लग्नाला निघालो, ते अक्षता पडून गेल्यावर पोचलो. पंगत मिळाली एवढंच. पण पॅसेंजरकडे एक गोष्ट होती, जी आजच्या कुठल्याही वेगवान गाडीकडे नाही. वाकावच्या माणसालाही ती स्वतःची गाडी वाटायची.

आता दौंड ते सोलापूर हा सगळा पट्टा दुहेरी आहे, वरून विजेच्या तारा गेल्या आहेत. क्रॉसिंगचं दुखणं संपलं. दुहेरीकरणाचा फायदा पॅसेंजरला सर्वांत आधी मिळायला हवा होता, कारण सर्वांत जास्त तीच खोळंबायची. मिळाला तो वेगवान गाड्यांना. २२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूपासून देशातली प्रवासी वाहतूक थांबली. पुढे पॅसेंजर गाड्या हळूहळू परतल्या त्या ‘विशेष’ हे नाव लावून आणि एक्सप्रेसचं भाडं घेऊन. किमान तिकीट दहाचं तीस रुपये झालं. ते पुन्हा दहावर यायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. या चार वर्षांत ज्यांनी हप्त्यावर दुचाकी घेतली, ते आता फलाटावर परत यायचे नाहीत. मी चिंचोळीत ज्यांच्याशी बोललो, त्यांतल्या अनेकांच्या दुचाकीचं वय तेवढंच निघालं.

त्याच २०२० च्या डिसेंबरात, २८ तारखेला, याच जिल्ह्यातल्या सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालीमारला शंभरावी किसान रेल सुटली. डाळिंबं आणि इतर माल दोन हजारांहून अधिक किलोमीटरच्या प्रवासाला निघाला. शेतकऱ्याचा त्यात फायदाच होता, तक्रार नाही. फक्त त्या दिवसांत सांगोल्याचं डाळिंब ज्या सहजतेने बंगालला जात होतं, त्या सहजतेने अनगरचा माणूस सोलापूरच्या दवाखान्यात येऊ शकत नव्हता.

पैशांचा हिशेब लोक तोंडपाठ सांगतात. सोलापूर-पुणे पॅसेंजरचं तिकीट आजही शंभराच्या आत आहे. मुंबईपर्यंत, म्हणजे ४५५ किलोमीटर, एक्सप्रेसच्या जनरल डब्यातून दोनशेच्या आत जाता येतं. एसटीने नुसत्या पुण्याला चारशेच्या घरात लागतात, २०२५ च्या जानेवारीत भाडेवाढ झाल्यापासून तर नक्कीच. वंदे भारत सुरू झाली तेव्हा मुंबईपर्यंतचं चेअर कारचं भाडं खाणं धरून १३०० रुपये होतं. कागदावर रेल्वेला तोड नाही.

पण कुटुंब घेऊन निघालं की कागद बदलतो. एसटीने ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत केला आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. रेल्वेने मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत काढली, ती अजून दिलेली नाही. पूर्वी साठीपुढच्या पुरुषाला चाळीस टक्के आणि अठ्ठावन्नच्या पुढच्या बाईला पन्नास टक्के सूट असायची. आता पंच्याहत्तरी ओलांडलेली आई, बायको आणि मुलगी यांना घेऊन निघालेला फिटर काय करेल? आई फुकट, बायको अर्ध्यात, मुलगी अर्ध्यात, शिवाय बस गेटावरून मिळते. रेल्वेचं स्वस्त तिकीट खिशात घेऊन तो सोलापूरपर्यंतचे रिक्षाचे पैसे का भरेल? एसटीने इथे रेल्वेला वेगात हरवलेलं नाही. दारात येऊन आणि वडीलधाऱ्यांना मान देऊन हरवलं आहे.

खासगी ट्रॅव्हल्सचं वेगळंच. एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडं घ्यायचं नाही, असा सरकारचा नियम २०१८ पासून आहे. दिवाळीच्या आदल्या शुक्रवारी हा नियम कुठे असतो, ते पुण्यात नोकरी करणाऱ्या कुठल्याही सोलापूरकराला विचारा. एका वर्षी धनत्रयोदशीला मी स्वतः पुण्याहून एका ट्रॅव्हल्सने आलो. जागा म्हणून मिळाली ती ड्रायव्हरच्या मागची लाकडी फळी, आणि भाडं घेतलं झोपायच्या बर्थचं. लांबोटीला गाडी थांबली तेव्हा चिवड्याची दोन पाकिटं घेऊन रागावर उतारा केला. लांबोटीचा मक्याचा चिवडा आणि सीनेवरचा पूल आला की सोलापूर आलं, असं रस्त्याने येणाऱ्याचं गणित आहे. रेल्वेने येणाऱ्याला लांबोटी नाही.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर कर्जतचा वडा राहून कसा चालेल? बोरघाटाचा चढ सदतिसास एक. तो चढायला गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात, ती कर्जतला. इंजिनं जोडायला जी मिनिटं लागतात, त्या मिनिटांवर कर्जतचा वडा मोठा झाला. १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालेल्या सोलापूर वंदे भारतला मागच्या इंजिनाची गरज नाही, तिची मोटर डब्यांखालीच विभागलेली आहे. म्हणून कर्जतला थांबा नाही आणि वडाही नाही. साडेसहा तासांत मुंबई येते, ताशी सरासरी सत्तर किलोमीटर पडते. गाडी स्वच्छ आहे, वेळेवर चालते, तिला नावं ठेवायचं कारण नाही. सोलापूरच्या व्यापाऱ्याला दुपारी मुंबईत बैठक गाठता येते. चिंचोळीतले मालक आणि व्यवस्थापक तिने जातात. मोहोळला ती थांबत नाही, कुर्डुवाडीला थांबते.

विमानही आलं आहे. होटगी रस्त्यावरच्या विमानतळासाठी सिद्धेश्वर साखर कारखान्याची नव्वद मीटरची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली, तेव्हा सोलापुरात केवढा गदारोळ झाला होता. ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान उडालं, ऑक्टोबरात मुंबईचं सुरू झालं. विमान हवेत तासभरच असतं. पण चिंचोळीहून निघालेल्याने अख्खं सोलापूर ओलांडून शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं, तासभर आधी पोचायचं, सामान दाखवायचं, आणि मुंबईत उतरल्यावर पुन्हा रस्त्यावरच्या गर्दीत शिरायचं. तरी अर्धा दिवस वाचतो हे खरं. ज्याच्या अर्ध्या दिवसाची किंमत विमानाच्या तिकिटाहून जास्त आहे त्याने जरूर जावं. टपरीवरच्या चौघांच्या अर्ध्या दिवसाची किंमत हजेरीपटावर लिहिलेली असते.

तुलनेचा हा सगळा खेळ चालतो तो तीनशे-चारशे किलोमीटरपर्यंतच. वसाहतीच्या मागच्या खोल्यांमध्ये ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातली मुलं राहतात. एका खोलीत पाच-सहा जण, दोरीवर सहा रंगांचे टॉवेल. त्यांना कशाने जाता असं विचारलं तर ती हसतात. गाडीनेच, दुसरं काय? ओडिशाचा मुलगा कोणार्क एक्सप्रेस पकडतो. मुंबईहून निघून सोलापूर, सिकंदराबाद, विजयवाडा, विशाखापट्टणम करत ती भुवनेश्वरला जाते. उत्तरेकडचा कर्नाटक एक्सप्रेसने मनमाड, भोपाळ, झाशीच्या वाटेला लागतो. पूर्वी या गाडीला दौंडला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागे, अर्धा तास तिथेच जायचा. आता दौंड कॉर्ड लाईनने ती बाहेरूनच वळते.

या मुलांना वेगाची तक्रार नाही, जागेची आहे. आरक्षण आता साठच दिवस आधी मिळतं, नोव्हेंबर २०२४ पर्यंत एकशेवीस दिवस आधी मिळायचं. पण सुट्टी मंजूर होते आठवडाभर आधी. तत्काळची खिडकी स्लीपरसाठी सकाळी अकराला उघडते, आणि त्या वेळी हा मुलगा मशीनवर उभा असतो, मोबाईल गेटावर जमा. २०२५ च्या जुलैपासून तत्काळला आधार जोडणी सक्तीची झाली. दलाल कमी झाले असतील, पण मशीनवरून सुटका झाली नाही. मग जनरल डबा. दीड दिवस दारात, दोन बाकांच्या मधे, वरच्या फळीवर. मे २०२० मध्ये श्रमिक विशेष गाड्या सुटल्या तेव्हा महाराष्ट्राने हा डबा पहिल्यांदा नीट पाहिला. नंतर पुन्हा विसरला.

तरीही त्यातलाच एक मुलगा मला म्हणाला की बसपेक्षा जनरल बरा. का, तर पाय मोकळे करता येतात, संडासला जाता येतं, कोणीतरी आपल्या बाजूचं भेटतं. हे ऐकून मला आमच्या घरची कडक भाकरी आठवली. आठ-आठ दिवस टिकणारी ती पापडासारखी भाकरी आणि शेंगाची चटणी गिरणीच्या काळापासून सोलापूरकराबरोबर मुंबईला जात आली आहे. सीटवर पेपर पसरायचा, भाकरी मोडायची, समोरच्याला विचारायचं. बसमध्ये कोणी असं जेवत नाही, मोटारीत तर नाहीच. तुम्ही हा दिवाळी अंक वाचताय, तोही रेल्वेत नीट वाचता येतो. बसमध्ये दुसऱ्या पानाला डोकं गरगरतं. माझ्या लहानपणी वडील दिवाळी अंक स्टेशनवरच्या व्हीलरच्या स्टॉलवरूनच घ्यायचे, घरी येईपर्यंत अर्धा वाचून झालेला असायचा.

सोलापूर जिल्ह्यात प्रवासाचा आणखी एक प्रकार आहे, आणि त्याची तुलना कशाशीच होत नाही. आषाढीला लाखो माणसं पंढरपूरला चालत येतात आणि परतताना एसटीने किंवा रेल्वेने जातात. कुर्डुवाडीहून पंढरपूरला १९०६ मध्ये गेलेली बार्शी लाईट रेल्वे, एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची अडीच फुटी रुळांची गाडी, वारकऱ्यांच्या पायांचा अंदाज घेऊनच घातली होती. त्या छोट्या गाडीचा वेग चेष्टेचा विषय होता. पण ती माणसं होती तिथे गेली. गेल्या पंचवीस वर्षांत तिचे रूळ रुंद झाले आणि मोठ्या गाड्या आल्या.

चिंचोळीला माझ्या मते नवी गाडी नको. आहे त्या दुहेरी, विजेच्या मार्गावर सोलापूर ते कुर्डुवाडी अशी एक साधी मेमू हवी, सकाळी सातच्या, दुपारी तीनच्या आणि रात्री अकराच्या पाळीला जोडून. पाकणीला दोन मिनिटांचा थांबा आणि स्टेशनाबाहेर वसाहतीच्या गेटापर्यंत जाणारी एक बस, एसटीची किंवा महापालिकेची. उद्योजकांच्या संघटना ट्रकच्या रस्त्यासाठी आणि विजेच्या दरासाठी निवेदनं देतात. एक निवेदन यासाठी सोलापूरच्या रेल्वे विभागाच्या डीआरएम कार्यालयात द्यावं, त्यावर कामगारांच्या सह्या घ्याव्यात. आणि पाळी सुटल्यानंतरच्या अर्ध्या तासात महामार्गावर किती माणसं हात करून उभी असतात, ती मोजून तो आकडा सोबत जोडावा. मी त्या दिवशी दुपारी तीन ते साडेतीन मोजत होतो. सत्तरपर्यंत गेलो आणि एक ट्रॅव्हल्स थांबली, त्या धावाधावीत पुढचे मोजायचे राहिले.